कोल्हापूरला कामानिमित्त जाताय? मुक्काम, जेवण आणि फेरफटका

कोल्हापूरला पहिल्यांदा कामासाठी गेलो तेव्हा तीन दिवस राहून रंकाळा तलाव न बघता परत आलो. दिवसभर शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कास्टिंगची तपासणी, रात्री हायवेलगतच्या लॉजवर मुक्काम आणि खाली त्याच लॉजच्या हॉटेलात पनीर बटर मसाला. पुण्यात परतल्यावर ऑफिसात एकानं विचारलं, "काय मग, पांढरा कसा होता?" मी म्हणालो, "पांढरा काय?" कोल्हापूरला जाऊन पांढरा रस्सा माहीत नाही, यावरून पुढची दोन वर्षं माझी टिंगल चालली होती.

आता वर्षाला पाच-सहा खेपा होतात. ऑफिसातली नवी पोरं निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतात, कुठं उतरू, काय खाऊ, संध्याकाळी काय करू. त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगतो ते इथं सलग लिहून ठेवतोय.

१. आधी कामाची दिशा बघा, मग खोली

नकाशा उघडा आणि रेल्वे स्टेशनवर बोट ठेवा. स्टेशनच्या पूर्वेला महामार्ग. कारखान्यांची बहुतेक कामं त्या अंगाला: ईशान्येला पंचगंगेपलीकडं शिरोली एमआयडीसी, आग्नेयेला गोकुळ शिरगाव, त्याच्याही पुढं कागलची पंचतारांकित एमआयडीसी. स्टेशनच्या पश्चिमेला जुनं गाव: बिंदू चौक, अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, गंगावेश, रंकाळा. पगार पूर्वेला आणि जेवण पश्चिमेला, असं मी पोरांना सांगतो. खोली या दोहोंच्या मध्ये घ्यायची. कारखान्याच्या दारात घेतली की संध्याकाळी कंटाळा करून माणूस तिथंच जेवतो, आणि मग माझ्यासारखी गत होते.

शिरोलीत काम असेल तर ताराराणी चौकाच्या आसपास राहा. जुनी माणसं या चौकाला अजून कावळा नाका म्हणतात, रिक्षावाल्याला दोन्ही नावं कळतात. तिथून महामार्ग जवळ आणि गावात यायलाही सोपं. गोकुळ शिरगाव, कागल किंवा शिवाजी विद्यापीठाचं काम असेल तर राजारामपुरी सोयीची. उद्यमनगर गावातच आहे, त्यासाठी राजारामपुरी किंवा शाहूपुरी कुठंही चालेल.

कोर्टाच्या कामानं येणाऱ्यांची आता नवी भर पडलीय. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं चालतात. ते भरतं सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, भाऊसिंगजी रोडला. जिल्हा न्यायालय मात्र कसबा बावड्याच्या रस्त्याला आहे, हे नीट लक्षात ठेवा. नुसतं "कोर्ट" म्हणून रिक्षात बसाल तर भलत्याच कोर्टापुढं उतराल. सर्किट बेंचच्या कामासाठी दसरा चौक, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी हा पट्टा बघा, म्हणजे सकाळी पायी जाता येतं.

२. खोली घेताना

मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सीबीएस, आणि रेल्वे स्टेशन एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. या दोन्हींच्या भोवती, स्टेशन रोडला आणि शाहूपुरीत, हरतऱ्हेची लॉज आणि हॉटेलं आहेत. पहिल्या खेपेला डोळे झाकून याच भागात राहा. शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेली पेठ, त्यामुळं बाहेरगावचा माणूस इथं कुणाला नवा नाही. पॅव्हेलियन, पर्ल ही मधल्या दर्जाची हॉटेलं याच भागात. कंपनीचा हात सैल असेल तर कावळा नाक्याकडं सयाजी आहे. शांतता हवी तर ताराबाई पार्क: झाडी आहे, रस्ते रुंद आहेत, रात्री आवाज नाही. एकट्या येणाऱ्या माझ्या सहकारी मैत्रिणी ताराबाई पार्क नाहीतर शाहूपुरीच पसंत करतात.

देवळाजवळ यात्री निवास आणि भक्त निवास भरपूर, भाडंही कमी. पण कामाच्या माणसाला मी ते सुचवत नाही. पहाटे घंटा सुरू होते, शनिवार-रविवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि सकाळी आठला कारखान्याची गाडी न्यायला आली तर ती दारापर्यंत पोचतच नाही. नवरात्रात तर अख्ख्या गावातच खोली मिळत नाही. चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेलाही तीच तऱ्हा. अशा दिवसांत काम ठरत असेल तर तारीख बदलून घ्या, नाहीतर महिनाभर आधी खोली ठरवा.

खोली ताब्यात घेताना तीन गोष्टी विचारा. गरम पाणी किती ते किती? जुन्या लॉजमध्ये ते सकाळच्या ठरावीक तासांतच येतं. खोली रस्त्याकडची की मागची? मागची घ्या. आणि बिल कंपनीच्या नावानं, जीएसटी क्रमांकासह मिळेल ना? हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. एकदा पहाटेच्या घाईत मी हातात आलेलं बिल तसंच खिशात घातलं. ऑफिसात उघडून बघतो तर नाव भलत्याच कंपनीचं. लॉजवाल्याला चार फोन केले, प्रत्येक वेळी "पाठवतो की साहेब" ऐकलं, बिल काही आलं नाही. तीन रात्रींचं भाडं माझ्या खिशातून गेलं.

३. पोचायचं कसं

मुंबईहून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सगळ्यांत सोयीची. रात्री बसायचं, सकाळी कोल्हापूर. हे शेवटचं स्टेशन असल्यानं झोप लागून पुढं जाण्याची भीती नाही. स्टेशनचं अधिकृत नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, तिकिटावर तेच बघून गोंधळू नका. कोयना एक्स्प्रेस दिवसाची. घाटातला प्रवास आवडत असेल तरच, कारण तिच्यात अख्खा दिवस जातो.

पुण्याहून अंतर सव्वादोनशे ते दोनशे तीस किलोमीटर. स्वारगेटहून एसटी दिवसभर सुटतात. वाटेत रस्त्याचं काम चालू असलं की वेळेचा भरवसा नाही, पाच तास हाताशी धरून निघा. स्वतःच्या गाडीनं येत असाल तर शहरात वळण्याची खूण म्हणजे तावडे हॉटेल. ते चौकाचं नाव आहे, तिथं जेवायला उतरायचं नाही! विमानतळ उजळाईवाडीला, गोकुळ शिरगावच्या शेजारी. तिकडचंच काम असेल तर विमानतळावरून थेट कारखान्यात जा आणि खोलीवर संध्याकाळी या.

गावात रिक्षा हात केला की मिळते. मीटर टाकायला सांगा किंवा बसण्याआधी दर ठरवा. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसही आहेत, पण वेळापत्रक सांभाळत बसण्याइतकी फुरसत कामावर आलेल्याला नसते. पत्ते समजून घ्यायला थोडे शब्द शिका: तीन रस्ते मिळतात ती तिकटी (मिरजकर तिकटी, पापाची तिकटी), जुन्या तटाच्या दाराची ती वेस (गंगावेश), बाकी कॉर्नर (व्हीनस कॉर्नर, दाभोळकर कॉर्नर). राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं तिथं चुकायला होत नाही. स्टेशनलगत रुळांखालून राजारामपुरीकडं जाणारा परीख पूल मात्र पावसात टाळा, खाली पाणी साठतं.

४. सकाळ: मिसळ, पण जपून

लॉजचा नाश्ता भाड्यात असला तरी एक सकाळ तो सोडा आणि मिसळीला जा. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, महाद्वार रोडची चोरगे आणि खासबागची मिसळ ही नावं कोल्हापूरकरांच्या तोंडी कायम. कुठली श्रेष्ठ यावर मी बोलणार नाही. एकदा एका फाउंड्रीच्या कँटीनमध्ये बोललो आणि अर्धा तास तपासणी थांबली. माझ्यापुरतं सांगायचं तर मी कामाच्या वाटेवर जी पडेल तिथं खातो. सकाळी साडेआठ-नऊच्या आत जा. नंतर रांग लागते आणि नावाजलेल्या ठिकाणी माल संपला की दार बंद.

पुण्याची मिसळ खाणाऱ्यांना दोन धक्के बसतात. पहिला, सोबत पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. दुसरा म्हणजे कट. मटकी, शेव, चिवडा, कांदा यांच्यावर ओतलेला तो लालभडक तवंगाचा रस्सा. वेगळ्या भांड्यातून पुन्हा पुन्हा वाढतात आणि त्याचे पैसे लावत नाहीत. इथंच माणूस फसतो. माझ्याबरोबर आलेल्या एका पोरानं पैज लावून चार वाट्या कट प्यायला आणि साडेअकराच्या मीटिंगमध्ये तीनदा उठून गेला. पहिल्या दिवशी कट बेतानं घ्या, लिंबू पिळा, शेवटी दही किंवा ताक मागा. रंगाला भिऊ नका, बऱ्याचदा तो जेवढा दिसतो तेवढा जाळत नाही. इथला कांदा-लसूण मसाला, ज्याला घरोघरी नुसतं "चटणी" म्हणतात, तो झणझणीत असतो पण त्याला चव असते. कोल्हापूर म्हणजे नुसतं तिखट, हा समज बाहेरच्या हॉटेलवाल्यांनी "व्हेज कोल्हापुरी" नावाखाली पसरवलाय. ती भाजी इथल्या घरात मी कधी बघितली नाही.

मिसळ नको असेल तर लोणी डोसा खा. दावणगिरीचा हा डोसा कोल्हापुरानं आपलासा केलाय, गाड्यांवरही चांगला मिळतो.

५. रात्र: तांबडा-पांढरा

हे जेवण दुपारी करू नका. म्हणजे खायला मजा येईल, पण त्यानंतर भट्टीजवळ उभं राहून मोजमापं घेणं जमत नाही. रात्रीचं ठेवा आणि नऊच्या आत खानावळीत पोचा. उशिरा गेलात तर सुकं मटण संपलेलं असतं.

मटण ताट मागवलं की समोर काय येतं ते सांगतो. एका वाटीत पांढरा रस्सा, एका वाटीत तांबडा, मध्ये सुकं मटण, भाकरी किंवा चपाती, कांदा, लिंबू, शेवटी भात. पांढरा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण आणि खडा मसाला. तो आधी नुसता प्यायचा असतो, गरम असतानाच, वाटी तोंडाला लावून. मी पहिल्यांदा त्यात भाकरी कुस्करायला लागलो तसा वाढपी थांबला. "पावणं, पांढरा प्या की आधी. कुस्करायला तांबडा हाय." वाटी रिकामी झाली तशी विचारल्याशिवाय दुसरी भरली. हात आडवा धरल्याशिवाय तो थांबत नाही, आणि एवढ्यात नको म्हटलं तर त्याला खरंच वाईट वाटतं. रस्सा कितीही घ्या, मटणाच्या तुकड्यांचा हिशोब ठरलेला. तांबड्यात भाकरी चुरा, सुकं तोंडी लावा, भातावर दोन्ही रस्से एकत्र करून घ्या. हे मिश्रण मला एका फोरमननं शिकवलं आणि आता मी घरीही तसंच खातो.

नावं हवीतच तर पद्मा गेस्ट हाउस, ओपल, परख, देहाती ही जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. पण कारखान्यातल्या माणसाला विचारा, "तुम्ही घरच्यांना घेऊन कुठं जाता?" "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारलंत तर तो पाहुण्यांसाठीचं, एसीवालं नाव सांगेल. बायका बरोबर असतील तर फॅमिली रूम आहे का ते आधी बघा, काही खानावळींत पुढच्या दालनात पुरुषांचीच गर्दी असते. वार बघून जा. रविवारी आणि बुधवारी गर्दी उसळते, सोमवारी आणि श्रावणात निवांत असतं.

शाकाहारी माणसानं हिरमुसायचं कारण नाही. अख्खा मसूर हा या पट्ट्यातला खास पदार्थ, भाकरीबरोबर पोटभर. झुणका-भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा, दही. खर्डा म्हणजे आपला ठेचा, फक्त इथं मिरचीवर दया नाही. बऱ्याच ठिकाणी शाकाहारी तांबडा-पांढराही मिळतो. मला तो पटत नाही, पण माझी बायको मागून घेते.

६. संध्याकाळी पायी

कामावरून सुटलात, साडेपाच वाजलेत. खोलीवर तोंड धुवा आणि पादत्राणं बदला. रिक्षानं बिंदू चौकात उतरा. तिथून पुढं चालायचं.

बिंदू चौकातून भवानी मंडप. तिथून अंबाबाईच्या देवळाचा पूर्व दरवाजा आलाच. कोल्हापूरकर तिला अंबाबाईच म्हणतात, महालक्ष्मी हे नाव रेल्वेच्या तिकिटावर आणि परगावच्या माणसांच्या तोंडी. दर्शन घ्यायचं असेल तर मात्र संध्याकाळी नको, पहाटे या. सहाच्या आत आलात तर रांग कमी असते आणि आठच्या आत खोलीवर परत. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार-रविवार टाळा. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते, त्या दिवशी मुक्काम असेल तर ती बघायला जरूर थांबा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव असतो. देऊळ पश्चिमाभिमुख, त्यामुळं मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत मूर्तीपर्यंत पोचतं. ढग नसले आणि वाटेत नवं बांधकाम आडवं आलं नाही, तरच. दरवर्षी गावभर चर्चा असते ती किरणं गुडघ्यापर्यंत पोचली की चेहऱ्यापर्यंत याची.

महाद्वारातून बाहेर पडलात की महाद्वार रोड, साड्या, कुंकू, गजरे आणि गर्दी. इथून दोन वाटा. डावीकडं बिनखांबी गणेश मंदिरावरून मिरजकर तिकटीकडं गेलात तर खासबाग मैदान. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोझियम पाहिलं, आणि १९१२ साली हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं: मध्ये खोलात हौदा, भोवती चढत गेलेल्या दगडी-मातीच्या बैठका. कुस्ती नसली तरी एकदा आत डोकावा. लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५चं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीचा एक फिटर फोनवर रडत होता, त्यानं आयुष्यात तिथं एकच नाटक पाहिलं होतं. खासबागच्या बाजूलाच भेळेचे गाडे, राजाभाऊंची भेळ यातलीच. चालून भूक लागली असेल तर अर्धीच प्लेट घ्या, रात्री ताट आहे.

दुसरी वाट सरळ पश्चिमेला, रंकाळ्याकडं. पंधरा-वीस मिनिटांचं चालणं. सूर्यास्ताच्या आत पोचा. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस, एका अंगाला पाण्यात उभा असलेला संध्यामठ. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट कुणीही सांगेल: तो गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. पूर्ण फेरी मारायला तासाहून जास्त लागतो. दमला असाल तर कठड्यावर बसा, मक्याचं कणीस घ्या. एका कणीसवालीला मी सुट्टे पैसे नाहीत म्हटलं, तर ती म्हणाली, "असू दे, उद्या दे. मी रोज हितंच असतो." मी गोंधळून बघत राहिलो. इथल्या बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात, हे मला तेव्हा नवीन होतं. दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेलो तर तिला मी आठवतच नव्हतो.

रात्री आठनंतर गंगावेशला दूध कट्टा. म्हशी रस्त्यालगत उभ्या, बादली खाली, धार काढली की फेसाळलेलं दूध तसंच पेल्यात. पेला हाताला कोमट लागतो. बाजूला तालमीतली पोरं दोन-दोन लिटर संपवत उभी असतात, कान मोडलेली, मान खांद्यात गेलेली. वास, शेण, फेस, सगळं समोर. बघायला जाच. प्यायचं की नाही हे तुमच्या पोटाला विचारा, दूध कच्चं असतं. मी अर्धा पेला घेतो, तेही दुसऱ्या दिवशी मीटिंग नसेल तर.

थंडीत किंवा उन्हाळ्याच्या तोंडाला आलात तर शाहू स्टेडियमवर फुटबॉल चालू आहे का विचारा. इथं पेठांचे संघ आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. गॅलरीत बसाल तेव्हा शेजारी कुठल्या पेठेचा आहे हे कळल्याशिवाय टाळी वाजवू नका.

७. अर्धा दिवस मोकळा मिळाला तर

सर्किट बेंचात तारीख पुढं गेली, हातात तीन तास आहेत: समोरच टाउन हॉलचं संग्रहालय. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन ब्राँझमूर्ती इथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठाला रोमशी व्यापार चालायचा, याचा पुरावा हाताच्या पंजाएवढा. तिथून रिक्षानं न्यू पॅलेस, १८८४ साली पूर्ण झालेला, काळ्या दगडाचा. खाली शहाजी छत्रपती संग्रहालय.

गोकुळ शिरगावात काम लवकर संपलं तर जवळच कणेरी मठ आणि तिथलं ग्रामजीवनाचं संग्रहालय. पन्हाळा विसेक किलोमीटर, जोतिबा त्याच वाटेवर, दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर मला या सगळ्यांत प्रिय, पण ते लांब आहे, त्याला सुट्टीचा अख्खा दिवस द्या. एक सूचना: कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरून बेत करू नका, आधी विचारून घ्या.

८. घरी काय न्यायचं

चप्पल. इथल्या भाषेत पायताण. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये दुकानाला दुकान लागून आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. घेताना चप्पल उलटी करा. तळ कातड्याचाच हवा, शिवण कातडी वादीची हवी, खिळे आणि रबर दिसलं तर ती दिखाऊ. हातात घेऊन वाकवा. वास घ्या, कमावलेल्या कातड्याचा वास लपत नाही. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात आणि माप नेमकं बसतं. थोडी घट्टच घ्या, आठवडाभरात सैलावते. पहिले चार दिवस अंगठा सोलतो, खोबरेल तेल लावा. पावसात घालू नका. करकर वाजणारी हवी असेल तर तशी मागा, दुकानदाराचा चेहरा खुलतो.

गूळ हिवाळ्यात घ्या, गुऱ्हाळं तेव्हा चालू असतात. फाउंड्रीतल्या कुणाचं तरी शेत असतंच, त्याला सांगितलंत तर काकवीची बाटलीही मिळेल. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण मी गडद रंगाचाच घेतो, त्यात रंग उजळण्यासाठी घातलेली रसायनं कमी असतात. अख्खा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, घ्यायच्या भरीला पडू नका. मी एकदा दहा किलोचा रवा घेतला आणि तो रेल्वेत वरच्या फळीवरून उतरवताना शेजाऱ्याच्या टिफिनवर आदळला.

९. जुलै-ऑगस्टात येणार असाल तर

२०१९च्या ऑगस्टात आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक काही दिवस बंद पडली. अडकलेल्यांत आमच्या कंपनीचा ट्रकही होता. त्यामुळं पावसाळ्यात निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा, रोज जाहीर होते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पस्तिशीच्या पुढं गेली आणि धरणक्षेत्रात पाऊस चालूच असेल तर मी दौरा पुढं ढकलतो. बाकी अंदाज-बिंदाज बघत बसत नाही. सकाळी फाउंड्रीच्या गेटवरच्या वॉचमनला फोन लावतो आणि विचारतो, "मामा, पाणी किती?" हवा कशी आहे, ढग आहेत का, यातलं तो काही सांगत नाही. फुटांत आणि इंचांत आकडा सांगतो, आणि पुढं लगेच विचारतो, "येतासा न्हवं? जेवायला सांगून ठेवतो."